माइकची टोपी आणि मामाचं तोंड

मु. पो. नार्नूर, जि. आदिलाबाद (आं. प्र.)
रविवार, १७ मार्च १९९१

आदरणीय चंपतराव भाऊजी आणि आमची भागाअक्का,

तुम्हा दोघांना हात जोडून, कमरेत वाकून आणि तोंड जरासं डावीकडे वळवून जयभीम. (तोंड का वळवायचं, ते पुढे येईलच. हल्ली तशी सवयच लागली आहे.) भाऊजी, तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमच्या बेल्याच्या घराला जिना नाही हे मला माहीत आहे, पण गुडघ्याची चौकशी करताना जिन्याचंच विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. अक्काची म्हैस व्याली का? रेडा झाला असेल तर कळवलं नाही तरी चालेल, पारडी झाली असेल तर खरवसासकट कळवा. कापूस आदिलाबादच्या बाजारात गेला की अजून ओसरीतच पाय पसरून पडला आहे? इकडे सगळं ठीक. आमची मंडळी, बयनाबाई, माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे.

आता मुख्य बातमी. बसून वाचा. अक्काला चुलीपुढून उठवून आणा, एखादी भाकर करपली तरी चालेल. कारण सापडलं! भाऊजी, माझ्या तोंडाला वास येतो म्हणून आख्ख्या नार्नूर मंडलात जो बोभाटा झाला, त्या वासाचं कारण सापडलं, आणि ते माझ्या तोंडात नाही! हे लिहिताना शाई सदऱ्यावर सांडली आहे, आणि ‘आता अजून काय झालं?’ असा चेहरा करून बयनाबाई दारातून डोकावून गेली आहे.

तुमचं पोस्टकार्ड पोचलं. राहीचं लग्न वैशाखात ठरलं, मुलगा गुणी आहे, हे वाचून फार आनंद झाला. त्याच्या खालच्या ओळीत तुम्ही लिहिलंत, की लग्न लावायला या खेपेस निर्मलच्या नागोराव बाबूंना सांगितलं आहे, तेव्हा देवाजी, तुम्ही मामा म्हणून नुसते मिरवा. भाऊजी, तुमच्यावर राग नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. फक्त पोस्टकार्डावर लिहिलं नसतं, कारण आमचा पोस्टमन पोस्टकार्ड आधी स्वतः वाचतो, मग हॉटेलात वाचून दाखवतो, आणि चहा संपला की आमच्याकडे आणून देतो. मी हॉटेलासमोरून गेलो तेव्हा ‘या, मिरवा मिरवा’ म्हणून माझं स्वागत झालं आणि मला काहीच कळेना. घरी येऊन कार्ड वाचलं तेव्हा कळलं.

हे पत्र पुढेमागे राहीच्या सासरचे लोकही वाचतील (मी तर म्हणतो त्यांना वाचायला द्याच), म्हणून जरा मागून सांगतो. मी शाळेत मास्तर आहे ते पोटासाठी, आणि आपल्या समाजातली लग्नं बौद्ध पद्धतीनं लावतो ते जीव लावून. पांढरा सदरा, पांढरं धोतर, वंदना म्हणायची, नवरा-नवरीकडून एकेक प्रतिज्ञा वदवून घ्यायची आणि शेवटी भाषण करायचं. (भाषण लांबतं हे मला मान्य आहे. पण भात निवला की आचारी खूण करतो आणि मी लगेच आटोपतं घेतो.) भाषणात सांगायचं काय, तर मुहूर्त सोडा, अंगात आणणं सोडा, आणि सगळ्यात आधी ते उपासतापास सोडा, माणसानं पोटभर खावं आणि नीट शिकावं. आवाज म्हणाल तर आमच्या भागात माझ्याइतका खणखणीत दुसरा नाही. तो मी जपतोही तसाच. लग्नाच्या आदल्या संध्याकाळपासून अन्नाचा कण तोंडात घेत नाही आणि पाण्याचा घोटही घेत नाही. कोरड्या गळ्यातून शब्द साफ निघतो, असं आमचे रामाजी काका सांगून गेले. आणि भरल्या पोटानं उभं राहिलं तर प्रतिज्ञेच्या मध्येच ढेकर यायची, ते काय शोभतं?

तर राही. ती लहानपणी आमच्याकडे यायची तेव्हा कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांना चिंध्या गुंडाळून नवरा-नवरी करायची आणि मी त्यांचं लग्न लावायचो. थट्टेनं नाही, पूर्ण विधीनं, जेवणाआधी कोरड्या गळ्यानं. नवरीच्या वतीनं प्रतिज्ञा राही म्हणायची, नवऱ्याच्या वतीनं कुणी म्हणायला तयार नसायचं, म्हणून त्याही मीच म्हणायचो. तेव्हाच मी तिला शब्द दिला होता, की पोरी, तुझं लग्न दुसरं कोणी लावणार नाही. तो शब्द आता नागोराव बाबू पाळणार! उघडच सांगतो भाऊजी, पोस्टकार्ड वाचून मी माजघरात जाऊन रडलो.

हे सगळं रामायण (हा शब्द मी सवयीनं वापरला, माफी असावी) माघात सावरगावला झालं. सकाळचं लग्न. वरात ट्रॅक्टरवर निघाली आणि ट्रॅक्टर नाल्यात बसला. उन्हं कलली तरी नवरदेवाचा पत्ता नाही. तोवर मंडपातल्या लोकांना धीर देणं माझ्याकडे आलं, आणि तुम्हाला ठाऊकच आहे, माइक हातात आला की मी हात आखडता घेत नाही. दुपारभर बोललो. माइक आमच्या महिपत लाउडस्पीकरवाल्याचा. तो एकच, त्यामुळे विधीच्या वेळी मी जोडप्याच्या अगदी मध्ये उभा राहतो. एक वाक्य मी म्हणायचं, मग माइक नवरदेवापुढे, परत माझ्यापुढे, मग नवरीपुढे. तिघांची तोंडं पेरूच्या फोडींसारखी जवळजवळ. नवरी दर वाक्याला मान फिरवत होती. मी समजलो, लाजते. आजवर मी लावलेल्या सगळ्या लग्नांत नवऱ्या मान फिरवत आल्या आहेत आणि मी भाषणात त्यांच्या त्या लज्जेचं तोंड भरून कौतुक करत आलो आहे. नवरदेवानं तर नाक चिमटीत धरलं आणि पत्नीचा सन्मान करण्याची प्रतिज्ञा अशी नाकातून म्हटली, की मागची पोरं खिदळायला लागली. मी पोरांवर डोळे वटारतोय तोच नवरीनं पदराचा बोळा तोंडाला लावला आणि मटकन खाली बसली.

बायका धावल्या. कुणी म्हणे ऊन लागलं, कुणी म्हणे दृष्ट लागली. (दृष्ट लागण्याच्या अंधश्रद्धेवर मी तिथल्या तिथे माइकवर दोन शब्द बोललो.) तेवढ्यात नवरीची आजी रुक्माबाई गर्दीतून पुढे आली आणि तिनं मला हातानं मागे ढकललं. मी मागे गेलो, माइक होता तिथेच राहिला, तिच्या तोंडापुढे.

“गुरुजी, जरा मांगं सरका. तुमच्या तोंडाले लय वास येते. पोरीले मळमळून राह्यलं.”

महिपतचे भोंगे कडुलिंबाच्या शेंड्याला बांधलेले होते आणि वारा नार्नूरच्या दिशेनं होता. बयनाबाई घरी तांदूळ निवडत होती, तिला ‘मांगं सरका’पासून पुढचं सगळं ऐकू आलं असं ती शपथेवर सांगते. मला हे पटत नाही, अंतर फार आहे. पण ते वाक्य कुठपर्यंत पोचलं याबद्दल इकडे प्रत्येक गाव आपलंच नाव पुढे करतं, आणि ज्या गावांना खरंच ऐकू आलं नाही ती फार हळहळतात.

त्या दिवसापासून आमंत्रणं बंद. हॉटेलात माझ्या समोरचं बाक रिकामं. हेडमास्तर तेलुगू माणूस, फार सभ्य, त्यांनी मीटिंगमध्ये माझी खुर्ची खिडकीशी हलवली आणि ‘मंचि गाली’ म्हणाले, म्हणजे इथे छान वारा येतो. वारा माझ्याकडून बाहेर जावा हा त्यातला हेतू. मग मीही इरेला पेटलो आणि घरात बोलणंच सोडलं. पाटी घेतली. ‘मीठ’ हवं असेल तर ‘मीठ’ लिहायचं आणि पाटी बयनाबाईपुढे धरायची. तिला लिहायला-वाचायला मीच शिकवलं, तेव्हा वाटलं होतं की शिक्षणाचा संसारात काहीतरी उपयोग होईल, तो असा झाला. आता आता तर ती न वाचताच पाटी पुसून टाकते.

पण भाऊजी, मी मास्तर आहे. नुसतं रडत बसणं माझ्या स्वभावात नाही (माजघरातलं सोडून द्या). म्हटलं, वास येतो तर का येतो, हे शोधून काढायचं. पहिली अडचण ही, की आपल्याला आपला वास येतच नाही. तांब्यात फुंकर मारून लगेच नाक घातलं, तर तांब्याचा वास आला. मनगट चाटून वाळू दिलं आणि हुंगलं, तर खडूचा आला. शेवटी धीर करून पाटीवर ‘खरं सांग’ असं लिहिलं आणि बयनाबाईपुढे गेलो. “मले सवय झाली,” एवढंच म्हणाली. यातून वास आहे की नाही ते कळत नाही, संसार किती जुना आहे तेवढं कळतं.

कारणं मात्र ज्याच्या त्याच्याकडे तयार. पोस्टमन म्हणाला पोटातली उष्णता. किराणावाला म्हणाला, मास्तर सुपारी खात नाहीत हेच चुकतं. हेडमास्तरांनी कांदा-लसणाचं नाव घेतलं, शेजारच्या म्हातारीनं खोटं बोलण्याचं. (मी तिला म्हटलं, तसं असतं तर इलेक्शनात लोकांना घर सोडून जावं लागलं असतं.) मी कुणालाच नाराज केलं नाही. कडुलिंबाची काडी केली, तांब्याची जिभली आणून जीभ अशी घासली की तिखट लागेनासं झालं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. कांदा सोडला. ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा नाही, हे दुःख बेल्यातच समजेल, हैदराबादेत समजायचं नाही. वर्गात लवंग-वेलची चघळत शिकवायला लागलो तर पोरांना मटणाची आठवण यायला लागली आणि दुपारच्या सुट्टीआधीच सगळी कासावीस.

मग सरळ बस धरून आदिलाबादला गेलो, दातांच्या डॉक्टरकडे. डॉक्टर तेलुगू, त्यांचा कंपाउंडर उर्दूवाला, मी मराठी, आणि माझं तोंड वासलेलं, त्यामुळे मला कोणतीच भाषा बोलता येईना. डॉक्टरांनी आरसा घालून, दात ठोकून, हिरड्या दाबून बघितलं आणि दात घोड्यासारखे आहेत असा निकाल दिला. मग हिंदीत त्यांनी जे समजावलं ते ऐकण्यासारखं आहे. वास पोटातून फार क्वचित येतो म्हणाले, बहुतेक तोंडातच तयार होतो. जिभेच्या मागच्या बाजूला आणि दातांच्या फटीत जे काही अडकून राहतं ते डोळ्यांना न दिसणारे जंतू कुजवतात आणि त्यातून घाण वायू निघतो. लसणाचा वास तर रक्तातून फुप्फुसात जातो, कितीही चूळ भरा, श्वासातून तो येतोच. पण निसर्गानं तोंडात लाळ दिली आहे, ती दिवसभर सगळं धुऊन नेते. लाळ आटली, तोंड कोरडं पडलं, की जंतूंची चंगळ. म्हणून तर झोपून उठल्यावर राजाच्याही तोंडाला वास येतो. आणि स्वतःचा येत नाही, कारण नाक त्याला सरावतं. काय सुरेख विज्ञान आहे भाऊजी! मी तर ठरवूनच टाकलं, की हे चौथीला शिकवायचं.

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. मग डॉक्टरांनी विचारलं, “उपवासं चेस्तारा?” म्हणजे उपास करता का?

माझं डोकंच फिरलं. मला? उपास? मी खुर्चीतच उठून बसलो, गालातला कापसाचा बोळा काढून हातात घेतला, आणि आमच्या वडलांनी छप्पन सालीच ही सगळी ओझी कशी टाकून दिली इथपासून सुरू केलं. आधी मराठीत, मग कंपाउंडरसाठी हिंदीत. बाहेर बसलेले पेशंट दाराशी येऊन उभे राहिले. एक जण तर सुजलेला गाल धरून टाळ्या वाजवायला बघत होता. डॉक्टरांवर फार परिणाम झाला असावा, कारण त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत. नुसतं ‘पाणी पीत जा’ म्हणाले आणि दुसऱ्याला आत घेतलं.

आणि परवा! परवा विहारात जयंतीची बैठक होती. यंदाची शंभरावी, तेव्हा थाट मोठा. मला भाषणाचं कुणी विचारलं नाही, माइक पुसून ठेवण्याचं काम दिलं. सकाळची वेळ, त्या माइकवर अजून कुणी ‘हॅलो’सुद्धा म्हटलेलं नव्हतं. महिपतच्या माइकवर काळ्या स्पंजची एक गोल टोपी असते. ती पुसायला तोंडाजवळ धरली मात्र, आणि भाऊजी, असा भपकारा आला की डोळ्यांपुढे सावरगावचा मंडप उभा राहिला! माइकमधून! रिकाम्या माइकमधून! मी एवढ्यानं ओरडलो की विहाराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. सरळ हिशोब आहे. महिपतचा माइक कुठे कुठे जातो? इलेक्शनला जातो, कव्वालीला जातो, हरवलेल्या बैलाची दवंडी देतो. तंबाखूवाले, बिडीवाले, किडक्या दातांचे पुढारी, सगळ्यांची थुंकी त्या स्पंजात मुरत आलेली. नवरीच्या नाकाशी माझं तोंड नव्हतंच, ती टोपी होती!

मी टोपी उपटली, पॉलिथिनच्या पिशवीत घातली आणि निघालो. पोस्टमनला हुंगवली, त्यानं टपालाची पिशवी खाली ठेवून डोळे मिटले. हेडमास्तर ‘अय्यो’ म्हणाले आणि स्वतःच खिडकीपाशी गेले. हॉटेलात सगळ्यांना हुंगवली, तिथे दोन चहा परत गेले. बयनाबाईनं लांबूनच ‘ते बाहेर ठेवा’ म्हटलं. मग बस धरून थेट सावरगाव. रुक्माबाई शेळ्यांना पाला टाकत होती. तिच्या नाकाशी पिशवी उघडली. तिनं नाक फिरवलं, पदर धरला, आणि चार माणसांदेखत सांगितलं, “हाच! हाच तो वास, गुरुजी!” याहून मोठा पुरावा कोणत्या कोर्टात मिळतो?

तेव्हा भाऊजी, मी निर्दोष आहे. टोपी साबणात बुडवून कुंपणावर वाळत घातली आहे. नागोराव बाबूंबद्दल माझ्या मनात काही नाही. माणूस भला आहे, अक्षर मोत्यासारखं आहे, आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही एवढंच. तुम्ही त्यांना शब्द दिला आहे, तो मोडा असं मी म्हणणार नाही. माझी कसलीही मागणी नाही, फक्त सत्य कळावं म्हणून लिहिलं. घरातल्या थोरांना माझा वाकून आणि आता अगदी समोरून जयभीम, लहानांच्या पाठीवर थाप, म्हशीला एक पेंडी.

तुमचा निर्दोष मेव्हणा,
देवाजी

ता. क. (मंगळवार) पत्र अजून घरातच आहे. बरंच झालं म्हणायचं. आज महिपत टोपी न्यायला आला. कुंपणावरची टोपी बघून त्याचा चेहरा रडवेला झाला. मी त्याला मोठ्या मनानं म्हटलं, अरे, तुझा दोष नाही, शंभर जणांची थुंकी आहे ती. तर म्हणाला, “नाई गुरुजी. तुमी जयभीम म्हनलं का भोंगा फाटे. म्हनून निर्मलहून ते टोपी खास तुमच्यासाठी आनली. बाकीच्यायले मी उघडाच माइक देतो. तुमी आले का टोपी चढवतो. तुमच्या मानाची हाय ती.” म्हणजे नवरा-नवरींची चार वाक्यं सोडली तर त्या टोपीत आजवर फक्त मीच बोललो आहे. म्हणजे जी पिशवी मी पोस्टमनला, हेडमास्तरांना आणि आख्ख्या हॉटेलाला हुंगवत फिरलो, आणि बसचं तिकीट काढून सावरगावला नेली, तिच्यात मीच होतो. रुक्माबाई खरंच बोलली. वरचं सगळं पत्र फाडून टाकावंसं वाटलं, पण मेहनतीनं लिहिलं आहे. वरच्या ‘निर्दोष’ या शब्दावर तेवढी काट मारून वाचावं.

ता. क. दुसरा (रविवार) भाऊजी, कारण सापडलं! या वेळी खरंच सापडलं! रागावू नका, राही आदिलाबादच्या वसतिगृहातून परस्पर इकडे आली होती. पोस्टकार्डाची हकिकत तिला तिथे कळली. (आमचा पोस्टमन किती दूरवर वाचून दाखवतो, कल्पना करा.) तिनं माझी पाटी काढून घेतली, कोपऱ्यात ठेवली आणि मला समोर बसवून उलटतपासणी सुरू केली. लग्नाच्या दिवशी काय खाता? काही नाही. काय पिता? काही नाही. आदल्या रात्री? काही नाही. आणि सावरगावला दुपारभर कोरड्या तोंडानं बोलत होते? हो, लोकांना धीर द्यायला.

“मामा, याले काय म्हनते?”

मी म्हटलं, याला आवाजाची निगा म्हणतात.

“याले उपास म्हनते, मामा. आन् तो बी बिनपान्याचा. आमच्या वसतिगृहातल्या पोरी हरताळकेले बी येवढा कडक करत नाई.”

भाऊजी, मी कपाळावर हात मारला. डॉक्टरांचं एकेक वाक्य येऊन समोर उभं राहिलं. लाळ आटली, तोंड कोरडं, जंतूंची चंगळ. त्या भल्या माणसानं नेमकं तेच विचारलं होतं आणि मी कापसाचा बोळा हातात घेऊन त्यांना भाषण दिलं! ज्या मंडपात उभा राहून मी उपास सोडा, उपास सोडा म्हणून ओरडत होतो, त्या मंडपात उपाशी एकटा मीच होतो. मला इतकं हसू आलं की राही घाबरली, मग तीही हसायला लागली. बयनाबाईनं भाकर, वरण आणि कांदा (कांदा!) वाढला. वर राहीनं मला तांब्याभर पाणी प्यायला लावलं, चूळ भरायला लावली, चहा दिला. मग नवरी उभी राहते तेवढ्याच अंतरावर ती उभी राहिली आणि म्हणाली, म्हना आता प्रतिज्ञा. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटल्या. तिनं मान फिरवली नाही. मी विचारलं, येतो का गं? “चहाचा येते,” म्हणाली, “साखर जास्त पडली व्हती.” आणि जाताना चपला घालता घालता म्हणाली, “पऱ्हाटीच्या बाहुलीचं लगन लावत व्हते ना, तवा बी वास येत व्हता. तिनं मान फिरवली नाई, मी बी नाई फिरवनार. बाबाले सांगा, मामा लावते तं ठीक, नाई तं मी रजिस्टर करून मोकळी होतो.”

ता. क. तिसरा. ‘माझी कसलीही मागणी नाही’ असं वर लिहिलं आहे, तिथेही काट मारावी. मागणी आहे. भाऊजी, राहीचं लग्न मला लावू द्या. मी आदल्या रात्री जेवीन, सकाळी जेवीन, मंडपातही तुम्ही म्हणाल तेवढं खाईन. टोपी नको, माइकही नको, माझा आवाज तसाच वेशीपर्यंत जातो. भाषणही आवरतं घेईन (हे लेखी देतो). नागोराव बाबूंना बोलवाच, पण पाहुणे म्हणून बोलवा आणि आल्या आल्या पाणी द्या. मी चौकशी केली, तेही लग्न लागेपर्यंत काही खात नाहीत. खाली थोडी जागा उरली होती ती बयनाबाईनं मागून घेतली. तिनं काय लिहिलं ते तिनं मला वाचू दिलेलं नाही.

भाऊजी, आक्का, जयभीम. लगन ह्यायलेच लावू द्या. पान्याचा तांब्या घेऊन मी बाजूले उभी राहीन. महिनाभर हे माह्यासंग पाटीवर लिहून बोलले. मले वासाची सवय व्हती, गप्प घराची नाई होत. बयना.